पाठराखीण, जाते आणि भुलाबाई : मंगरूळपीरच्या मुलुखातील बायकांचा धीर

वऱ्हाडातील मंगरूळपीर हा काळ्या जमिनीचा, कापूस आणि ज्वारी पिकविणारा तालुका ऑगस्ट १९०५ पर्यंत बाशीम, म्हणजे आजच्या वाशिम, जिल्ह्यात होता. तो जिल्हा त्या वर्षी मोडण्यात आल्यावर तालुका अकोल्याकडे गेला आणि १ जुलै १९९८ रोजी वाशिम जिल्हा पुन्हा अस्तित्वात आला तेव्हा त्याच्याकडे परत आला. विदर्भात मंगरूळ नावाची गावे अनेक असल्यामुळे हयात कलंदर यांच्या दर्ग्यावरून या गावाच्या नावापुढे ‘पीर’ लागले. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केल्यानंतर या मुलुखाची मोजणी झाली, शेतसारा ठरला, आणि पुढे लायल यांच्या १८७० च्या वऱ्हाड गॅझेटियरात व १९१० च्या अकोला जिल्हा गॅझेटियरात येथील पिके, बाजार, जाती आणि यात्रा यांची नोंद झाली. कागदावर आलेल्या या इतिहासाच्या शेजारून दुसरा एक इतिहास तोंडी चालत आला. नवव्या-दहाव्या वर्षी सासरी गेलेली मुलगी बाई झाल्यावर, तिच्या त्या वयाएवढ्या दुसऱ्या मुलीला काय सांगत असे, कोणत्या निमित्ताने सांगत असे आणि कोणत्या रूपात सांगत असे, याचा तो इतिहास आहे. स्वतःच्या बालपणाशी उघड बोलण्याची सोय त्या बाईला नव्हती. लिहिता येणाऱ्या स्त्रिया बोटांवर मोजण्याइतक्या होत्या आणि एकांत तर त्याहूनही दुर्मीळ होता. त्यामुळे तिला स्वतःला जे कोणी तरी सांगायला हवे होते, ते ती धाकट्या बहिणीला, पुतणीला, लेकीला आणि क्वचित सुनेलाही सांगत राहिली.

या सांगण्याची गरज किती खोल होती, हे लग्नाच्या जुन्या टप्प्यांवरून ध्यानात येते. एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्याच्या पहिल्या काही दशकांत मुलीचे लग्न आठ ते बारा वर्षांच्या दरम्यान लावून देण्याची चाल सर्वत्र होती, काही घरांत त्याहूनही लवकर. लग्नानंतर मुलगी काही दिवस सासरी राही, मग माहेरी येई, सणावारी पुन्हा नेली-आणली जाई, आणि न्हाण आल्यावर, म्हणजे ऋतुप्राप्ती झाल्यावर, कायमची नांदायला जाई. या जाण्या-येण्याला सोबत लागे. सासरहून मुलीला माहेरी न्यायला जो भाऊ, चुलता किंवा घरचा गडी येई, त्याला मुऱ्हाळी म्हणत. पहिल्यांदा सासरी जाताना तिच्याबरोबर जी वडीलधारी बाई जाई आणि काही दिवस तिथे राही, ती पाठराखीण. बायकांच्या गाण्यांत मुऱ्हाळ्याची वाट पाहण्याला मोठी जागा आहे, कारण तो आला म्हणजे सुटका झाली असे सासुरवाशिणीचे गणित असे. पाठराखिणीला गाण्यांत तेवढी जागा मिळाली नाही. प्रत्यक्ष जीवनात मात्र तिचे काम मुऱ्हाळ्याच्या कामाहून अवघड होते.

पाठराखीण बहुधा आत्या, मावशी, थोरली बहीण किंवा घरातली विधवा चुलती असे. तिने स्वतः असेच एक घर अनोळखी म्हणून पाहिलेले असे, आणि म्हणूनच तिची निवड होई. रात्री मुलीच्या शेजारी निजणे, पहाटे ती दचकून उठली तर आपण कुठे आहोत ते तिला सांगणे, पाण्याच्या वाटेवर पहिल्या दिवशी बरोबर जाणे, चूल कोणत्या तोंडाने मांडली आहे आणि सासूला भाकरी जाड लागते की पातळ हे हेरून मुलीच्या कानात घालणे, असे तिचे काम. वऱ्हाडात वडीलधारी माणसे लहान मुलीला लाडाने ‘माय’ म्हणतात, आणि ‘भेऊ नको माय’ एवढ्या तीन शब्दांत पाठराखिणीचे निम्मे काम होत असे. उरलेले निम्मे काम व्यवहाराचे होते: कोणापुढे पदर घ्यायचा, दिराला काय म्हणून हाक मारायची, नवऱ्याचे नाव तोंडातून निघू द्यायचे नाही, भूक लागली तर कोणाजवळ मागायचे. हे शेवटचे फार महत्त्वाचे, कारण दहा वर्षांच्या मुलीला परक्या घरात उपाशी राहण्याचे दुःख इतर सगळ्या दुःखांच्या आधी भेटते. पाठराखीण काही दिवसांनी परत फिरे आणि त्या दिवशी मुलगी खऱ्या अर्थाने सासरी एकटी पडे. संस्कारांच्या पोथ्यांत या बाईला स्थान नाही, तिच्यासाठी मंत्र नाही. तरीही बालविवाहाच्या त्या सबंध व्यवस्थेत मुलीच्या मनाचा विचार जिथे झाला, अशी ही एक जागा होती, आणि ती बायकांनी आपल्या अनुभवातून निर्माण केलेली होती असे मानण्यास पुष्कळ आधार आहे.

पाठराखीण गेल्यावर उरे ते जाते. ज्वारीची भाकरी हेच मुख्य अन्न असलेल्या या भागात दिवसाचे पीठ पहाटे दळावे लागे. जात्याच्या दोन तळ्या असतात, खालची स्थिर आणि वरची फिरती. वरच्या तळीच्या कडेला बसविलेल्या लाकडी दांड्याला खुंटा म्हणतात आणि मधल्या तोंडात मुठीने टाकल्या जाणाऱ्या धान्याला घास. दगड गुळगुळीत झाला की पीठ जाडे पडते, म्हणून टाकीचे घाव घालून त्याला पुन्हा दात पाडावे लागत आणि ते काम करणारे लोक गावोगाव फिरत. एका खुंट्याला समोरासमोर बसलेल्या दोघी हात लावत तेव्हा दळण हलके होई, आणि या दोघी बहुधा वेगवेगळ्या वयांच्या असत: सासू आणि सून, जाऊ आणि धाकटी जाऊ, माहेरी आलेली लेक आणि तिची आई. ओवी जन्मली ती इथे. ओवी म्हणजे जात्याच्या फेऱ्याच्या लयीत म्हटलेले छोटे पद्य. एकीने सुरू करावे, दुसरीने उचलावे, आणि पुरुषमंडळी निजलेली असताना जे बोलून दाखविता येत नाही ते गाऊन दाखवावे, अशी तिची रीत. साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’ या संग्रहात, कमलाबाई देशपांडे यांनी ‘अपौरुषेय वाङ्मय’ या ग्रंथात आणि पुढे सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्य समितीच्या प्रकाशनांत या ओव्यांना छापील रूप दिले; हेमा राईरकर आणि गी पॉइतव्हाँ यांच्या प्रकल्पात तर एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. या अफाट साहित्यात लेकीला उद्देशून म्हटलेल्या ओव्यांचा वाटा मोठा आहे, आणि त्या वाचताना एक गोष्ट पुनःपुन्हा जाणवते: आई लेकीला ज्या घराविषयी सांगते आहे ते घर तिने पाहिलेले नाही, त्यामुळे ती वर्णन करते ते स्वतःच्या सासरचे, आणि समजूत घालते ती, सासरी नुकत्याच आलेल्या, अनेक वर्षांपूर्वीच्या स्वतःची.

पुरुषांच्या जगात याला समांतर असे जे होते ते मनाला उपदेश करण्याचे वाङ्मय. समर्थ रामदासांचे २०५ मनाचे श्लोक घरोघरी मुलांकडून पाठ करून घेतले जात, आणि त्यांतला बोलणारा स्वतःच्याच मनाला ‘सज्जन’ म्हणून हाक मारतो. त्या उपदेशाची उंची निर्विवाद आहे. पण तो देहापासून आणि प्रसंगापासून अलिप्त आहे, तर ओवीतला उपदेश पीठ, पाणी, पाटल्या आणि परतीची वाट यांना धरून चालतो.

ओवी रोजची होती. वर्षातून एकदा, महिनाभर, हाच संवाद उघड्यावर येई तो भुलाबाईच्या निमित्ताने. पुणे आणि सातारा भागात ज्याला भोंडला किंवा हादगा म्हणतात, त्याचे हे वऱ्हाडी भावंड असले तरी त्याचा काळ आणि थाट निराळा आहे. भाद्रपद पौर्णिमेला भुलोबा आणि भुलाबाई यांची मातीची जोडमूर्ती, भुलाबाईच्या मांडीवर बाळ गणपती, अशी घरातल्या देवळीत, म्हणजे भिंतीतल्या कोनाड्यात, बसवितात आणि आश्विन पौर्णिमेपर्यंत रोज संध्याकाळी गल्लीतल्या मुली घरोघर फिरून टिपऱ्यांवर गाणी म्हणतात. भुलोबा म्हणजे शंकर आणि भुलाबाई म्हणजे पार्वती अशी समजूत आहे. सारीपाटाच्या डावावरून रुसून गेलेल्या शंकराला पार्वतीने भिल्लिणीच्या वेषात भुलविले, ही कथा तिच्या मागे सांगतात. गाणी संपल्यावर झाकलेल्या डब्यातली खिरापत ओळखायची असते. डबा हलवून त्याचा आवाज ऐकायचा, गोड की तिखट एवढे विचारून घ्यायचे, आणि कोणालाच ओळखता आले नाही तर त्या घरच्या मुलीचा मान वाढतो. शेवटच्या दिवशी, कोजागिरीला, ज्वारीच्या पाच धांड्यांचे, म्हणजे ताटांचे, मखर उभारून त्यात मूर्ती ठेवतात, चांदण्यात दूध आटवतात, आणि त्याच रात्री घरातल्या ज्येष्ठ अपत्याला ओवाळण्याची रीतही पाळली जाते.

या महिन्याची खरी रचना लक्षात येते ती अंगणात कोण कोण बसले आहे हे पाहिल्यावर. पार्वती या काळात माहेरपणाला आलेली असते, आणि तिच्याबरोबर गावच्या लेकीही येतात. त्यामुळे एकाच फेरात लग्न न झालेली सात-आठ वर्षांची मुलगी, लग्न होऊन अजून नांदायला न गेलेली, आणि दोन-चार वर्षे सासर भोगून परत आलेली, अशा तिघी शेजारी शेजारी उभ्या राहत. गाणी मात्र तिघींची एकच, आणि ती बहुतेक सासरची. ज्या मुलीने सासर पाहिलेले नाही तिच्या तोंडी सासूचा खाष्टपणा, नणंदेची चुगली, दिराचा तोरा हे सगळे आधीच बसलेले असे. वरवर पाहता हा मुलीला घाबरविण्याचा प्रकार वाटेल. गाण्यांची घडण तपासली तर निष्कर्ष वेगळा निघतो.

कारल्याच्या वेलाचे गाणे त्यासाठी पुरेसे आहे, आणि ते भोंडल्यातही म्हटले जाते. सून माहेरी जाण्याची परवानगी मागते. सासू म्हणते, आधी कारल्याचे बी पेर. बी पेरून होते, तर त्याला कोंब येऊ दे. कोंब आला, तर वेल चढू दे. मग फूल, मग फळ, मग भाजी, मग ती रांधणे, खाणे, खरकटे काढणे, अशी एकेक अट पुढे सरकत जाते. प्रत्येक कडव्यात तोच प्रश्न आणि तीच टाळाटाळ असल्यामुळे लहान मुलीलाही पुढचे कडवे आधीच कळते आणि ती ते हसत म्हणते. या हसण्यातच गाण्याचे शहाणपण आहे. अडवणूक कशी येते, तिची चाल कशी असते, आणि ती कितीही लांबली तरी कारल्याच्या एका हंगामापलीकडे जात नाही, एवढे मुलीला लग्नाआधी ठाऊक होते. मोठ्या बाईला हेच सांगायचे असते: जे तुझ्या वाट्याला येईल ते सगळ्यांच्या वाट्याला आले आहे, त्यात तुझा दोष नाही, आणि त्याला शेवट आहे. दुसऱ्या एका गाण्यात रुसून माहेरी बसलेल्या सुनेला न्यायला सासरची माणसे एकामागून एक येतात, प्रत्येक जण काही ना काही दागिना देऊ करतो, आणि शेवटी नवरा येईपर्यंत ती प्रत्येकाला नाही म्हणते. प्रत्यक्षात कोणत्याही दहा वर्षांच्या सुनेला अशी नाही म्हणण्याची मुभा नव्हती. नकार कसा उच्चारायचा याचा सराव मात्र तिला गाण्यात करता येई, आणि तो तिच्या थोरल्या बहिणीच्या आवाजाच्या आधाराने होई.

मंगरूळपीरच्या पूर्वेला मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे बंजारा समाजाचे श्रद्धास्थान आहे, आणि सबंध परिसरात तांड्यांची वस्ती दाट आहे. बंजारा लग्नात नवरी, जिला गोरबोलीत नवलेरी म्हणतात, निरोपाच्या वेळी ‘ढावलो’ म्हणते; ढावलो म्हणजे गळ्यात गळा घालून गायचे विलापगीत. ते उत्स्फूर्त रडणे नसते. लग्नाआधी तांड्यातल्या जाणत्या बायका ते मुलीला शिकवितात, आणि शिकविणाऱ्या प्रत्येकीने ते पूर्वी स्वतःच्या निरोपाला म्हटलेले असते. दुःखाला चाल आणि शब्द देऊन ते पेलण्याजोगे करणे, हे काम भुलाबाईची गाणी आणि ढावलो दोन्ही करतात. फरक इतकाच की ढावलो निरोपाच्या वेळेसाठी राखलेला असतो आणि भुलाबाई त्याच्या कितीतरी आधीपासून तयारी करवून घेते.

या परंपरेचा गौरव करताना तिची मर्यादाही स्पष्ट सांगणे अगत्याचे आहे. धीर धर, सोस, दिवस पालटतील, असे सांगणारी बाई मुलीला सावरत होती आणि त्याच वेळी ज्या व्यवस्थेने आपल्याला पोळले तिच्याकडेच तिला पाठवीत होती. गाण्यांत मारझोड आहे, उपासमार आहे, पण ते घर सोडून देण्याची वाट सहसा नाही. कुणबी, माळी आणि इतर अनेक जातींत काडीमोड, म्हणजे जातपंचायतीपुढे लग्न मोडणे, आणि पाट, म्हणजे स्त्रीचा पुनर्विवाह, या दोन्ही रिती चालू होत्या. तरीही मुलींच्या गाण्यांनी त्या वाटेचा उच्चार क्वचितच केला, ही गोष्ट विचार करायला लावणारी आहे.

तो उच्चार झाला तेव्हा तो गद्यात झाला, आणि वऱ्हाडातच झाला. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचा ‘स्त्रीपुरुषतुलना’ हा निबंध १८८२ साली पुण्यात छापला गेला. सुरतेच्या विजयालक्ष्मी या ब्राह्मण विधवेच्या खटल्याचे निमित्त त्याला होते, पण त्यातले सासर, पोरवयाची सून आणि विधवेचे हाल भुलाबाईची गाणी म्हणणाऱ्या कोणत्याही मुलीच्या परिचयाचे होते. ताराबाईंनी मुलीला समजावण्याऐवजी पुरुषाला जाब विचारला, आणि त्यामुळे जुन्या सांगण्याची दिशाच बदलली. पुढे अकराव्या वर्षी लग्न झालेल्या रखमाबाईंनी मोठेपणी नवऱ्याकडे नांदायला जाण्यास नकार दिला. मुंबई उच्च न्यायालयात १८८५ साली निकाल त्यांच्या बाजूने लागला, १८८६ साली अपिलात तो उलटला, आणि १८८७ साली नांदायला जा नाही तर तुरुंगात जा असा हुकूम झाला तेव्हा त्यांनी तुरुंगाची तयारी दाखविली. १८८८ साली पैशांच्या तडजोडीने प्रकरण मिटले आणि त्या इंग्लंडात जाऊन डॉक्टर झाल्या. अकरा वर्षांच्या मुलीच्या वतीने मोठ्या झालेल्या त्याच मुलीने न्यायालयात उभे राहावे, असा हा प्रसंग होता. या खटल्याच्या वादळानंतर १८९१ चा संमतिवयाचा कायदा आला आणि संमतीचे वय दहावरून बारा झाले. १९२९ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याने, ज्याला सारडा कायदा म्हणतात, मुलीच्या लग्नाचे किमान वय चौदा ठरविले, आणि १९७८ च्या दुरुस्तीने ते अठरा झाले. दरम्यान लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग १९३४ साली प्रसिद्ध झाला. पोरवयात लग्न झालेल्या स्वतःकडे म्हातारपणी इतक्या मायेने आणि इतक्या निर्भयपणे पाहणारे गद्य मराठीत त्याआधी फारसे नव्हते, आणि त्याचा सूर ओवीच्या घरातला आहे हे कोणत्याही वाचकाला जाणवावे.

कायद्याने लग्नाचे वय वाढले तसा भुलाबाईचा अर्थ बदलला. सात वर्षांची मुलगी सासरची गाणी म्हणे तेव्हा पूर्वी ते पुढच्या दोन-चार वर्षांचे भविष्य असे. आता ती शाळेत जाते आणि तिच्यासाठी ती गाणी आजीच्या काळाची गोष्ट झाली आहेत. हा बदल मोठा आणि स्वागतार्ह आहे, पण तो पूर्ण झालेला नाही. २०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्क्यांचे लग्न अठरा वर्षे पुरी होण्यापूर्वीच झालेले होते. दर पाच मुलींमागे एकीहून अधिक, हे प्रमाण पाठराखीण नाहीशी झालेल्या काळातले आहे. अशा मुलीच्या शेजारी निजणारी आत्या आता नाही आणि समोर जातेही नाही. गावोगाव पिठाची चक्की आल्यावर बायकांचे रोजचे कष्ट वाचले, आणि ते वाचायलाच हवे होते. त्याबरोबर दोन वयांच्या दोन बायकांना रोज समोरासमोर बसविणारी पहाटही गेली.

भुलाबाईचा महिना आक्रसण्याला मात्र वेगळे आणि सहसा न सांगितले जाणारे कारण आहे, ते पिकांच्या वेळापत्रकाचे. ज्वारी आणि कापूस ही मुख्य पिके होती तोवर भाद्रपद आणि आश्विन हे निंदण आटोपल्यानंतरचे आणि कापणीपूर्वीचे, तुलनेने मोकळे दिवस असत. ज्वारी निसवलेली असे आणि कापसाचा वेचा सीतादही करून, म्हणजे शेतात दहीभाताचा नैवेद्य दाखवून, पुढे सुरू व्हायचा असे. घरातली सून महिनाभर माहेरी पाठविणे सासूला याच काळात परवडे, आणि मुऱ्हाळी याच काळात येई. १९९० नंतर वाशिम जिल्ह्यात सोयाबीन पसरले आणि ज्वारी मागे हटली. सोयाबीनची सोंगणी नेमकी आश्विनात येते, पावसाच्या भीतीने ती चार दिवसांत उरकावी लागते, आणि त्या वेळी घरातली व मजुरीची एकही बाई मोकळी नसते. लेकींचे माहेरपण त्यामुळे दिवाळीकडे सरकले, आणि आश्विनातल्या अंगणात उरल्या त्या शाळकरी मुली आणि म्हाताऱ्या. सासर भोगून आलेली मधली बाई त्या फेरातून वजा झाली. कोजागिरीच्या मखरासाठी लागणारे पाच धांडेही आता शेजारच्या शेतात सहज मिळत नाहीत, आणि ज्याने थोडी ज्वारी पेरली असेल त्याच्याकडे ते मागायला मुलींना गावभर फिरावे लागते.